कदमताईंचा तिसरा निरोप

कदमताई कुठलंही नवं काम सुरू करण्याआधी आपली खुर्ची फिरवून घ्यायच्या. संगणकाकडे पाठ आणि समोरच्या माणसाकडे तोंड. मला त्यांनी पहिल्यांदा असं समोर बसवलं तेव्हा नोकरीला लागून मला तीनच दिवस झाले होते.

"मी लातूर," त्या म्हणाल्या. "तू नांदेड. मी तुला इचारते, ए निगेटिव्ह रक्ताच्या किती पिशव्या हायत तुझ्याकडं? सांग."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत, वाट बघत राहिल्या.

"चार," मी काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं.

"चार कवा होत्या? आत्ता मोजल्या का सकाळी?"

त्यांनी खुर्ची पुन्हा संगणकाकडे वळवली आणि पडद्यावरच्या चौकटीत एक नवी ओळ घातली. मोजणीची वेळ.

आमचं ऑफिस नांदेडला, वजिराबादेत, एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. सात-आठ माणसं, दोन पंखे, आणि एक एसी, तो फक्त साहेबांच्या खोलीत. दवाखान्यांची आणि रक्तपेढ्यांची सॉफ्टवेअरं आम्ही करायचो. त्या वर्षी एका ट्रस्टचं मोठं काम मिळालं होतं. नांदेड आणि लातूरच्या काही रक्तपेढ्या संगणकानं एकमेकींना जोडायच्या, म्हणजे रक्तासाठी नातेवाइकांना दारोदार फिरायला नको. लातूरच्या संगणकानं विचारायचं, नांदेडच्या संगणकानं सांगायचं.

हे विचारणं आणि सांगणं आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं. काय विचारता येईल, कोणत्या क्रमानं, उत्तरात काय येईल, आकडा येईल की अक्षरं, सगळं. या लिखाणाला डब्ल्यूएसडीएल असं एक अवघड नाव आहे. मी नुकतीच इंजिनियर झालेली, वर्गात पहिली आलेली. मी ते हातानं लिहायचे, कंसांच्या रांगाच रांगा, आणि त्याचा मला अभिमान होता. कदमताई मात्र चित्रांच्या एडिटरमध्ये काम करायच्या. त्यात पडद्यावर एक चौकट दिसते आणि चौकटीत तीन ओळी असतात. पहिली विचारण्याची, दुसरी उत्तराची, तिसरी काही अडचण आली तर काय सांगायचं त्याची. प्रत्येक ओळीवर माउसनं टिचकी मारली की त्या ओळीचा मेसेज ठरवता येतो. सगळे मेसेज म्हणायचे. ताई निरोप म्हणायच्या.

चित्रात काम करणं मला तेव्हा कच्चं वाटायचं. त्यात ताईंची पदवी बी.ए.ची, तीही बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली. या बाई मला काय शिकवणार, असं मी घरी येऊन अब्बांना म्हटल्याचं आठवतं. अब्बा घड्याळ दुरुस्त करत होते. ते म्हणाले, "आठ दिन देख ले. फिर बोल."

आठ दिवसांच्या आतच मला उत्तर मिळालं. मी सगळ्या कामांसाठी उत्तराचा एकच मेसेज ठेवला होता. त्यात एकच रकाना, आणि त्या रकान्यात कोणतीही अक्षरं चालतील अशी सोय. पुढं बदल करावे लागले तर त्रास नको, हा माझा विचार. ताईंनी माझी फाइल आपल्या एडिटरमध्ये उघडली आणि चौकटीकडं बोट केलं.

"यात काय येणार?"

"काहीही येऊ शकतं, ताई. म्हणून तर तसं ठेवलंय."

"काहीबी येणार असंल तर मग पोतं दे ना त्याला. चौकट कशाला केलीस?" त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्या त्यात पिशव्यांचा आकडा येईल, परवा कुनाचं तरी नाव येईल. पलीकडचा माणूस पोतं खाली करून बघत बसणार का? तेवढी फुरसत असती का त्याला?"

पलीकडं माणूस नाही, संगणक आहे, असं मी म्हटलं. "संगणकाच्या मागं कोन बसलंय?" त्यांनी विचारलं. मी माझी फाइल परत घेतली.

ताई मूळच्या हदगावजवळच्या एका खेड्यातल्या. माहेरी शेती, कापूस आणि सोयाबीन. लग्न करून नांदेडला आल्या आणि एका खाजगी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायला लागल्या. तिथं दहा-बारा वर्षं काढली. दवाखान्यात संगणक आला तेव्हा बाकीचे कारकून त्याच्यापासून लांब बसायचे. ताईंनी संध्याकाळचा क्लास लावला. त्यांचा मुलगा ज्ञानेश तेव्हा शाळेत होता. त्याचा अभ्यास आणि ताईंचा अभ्यास एकाच टेबलावर व्हायचा. पुढं आमच्या साहेबांनी त्या दवाखान्याचं काम घेतलं, ताईंनी त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सतरा चुका वहीत लिहून त्यांच्या हातात दिल्या, आणि साहेबांनी त्यांना नोकरीच देऊन टाकली.

त्या खिडकीवरची एक गोष्ट त्यांनी मला जेवताना सांगितली होती. इस्लापूरच्या बाजूचा एक माणूस बायकोला घेऊन आला होता. बाई तापानं फणफणलेली. ताईंनी वय विचारलं. नवऱ्याला माहीत नव्हतं, बाईला बोलता येत नव्हतं. संगणक वयाची जागा रिकामी ठेवू देईना. मागं रांग लागलेली. ताईंनी शून्य टाकलं आणि पुढं गेल्या.

"कागद बाळांच्या वॉर्डात गेला," त्या म्हणाल्या. "ती बाई बाहेर बाकड्यावर. दोन तास. कुनी बोलवेना, कारण तिचा कागदच तिथं नव्हता. मी चहाला बाहेर आले तवा दिसली. तशीच बसल्याली, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून."

"वाचली का?"

"वाचली. पन ते शून्य माझ्या हातचं हाय, शबाना. मला वय म्हाईत नव्हतं आन् मी वय सांगितलं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "न्हाई म्हणणं येगळं आन् म्हाईत न्हाई म्हणणं येगळं. लई अंतर हाय दोन्हींत."

म्हणून ताईंच्या प्रत्येक चौकटीत तिसरी ओळ भरलेली असायची. बाकीचे लोक ती रिकामी ठेवतात. आमच्या रक्तपेढीच्या कामात त्यांनी त्या तिसऱ्या निरोपात तीन गोष्टी ठेवल्या होत्या. साठा माहीत नाही हे वाक्य, का माहीत नाही त्याचं कारण, आणि तिथं त्या वेळी हजर असलेल्या माणसाचा फोन नंबर. हे त्यांनी खुर्ची फिरवून माझ्याशी तीन वेळा बोलून ठरवलं होतं.

साहेबांना ते आवडलं नाही. सोमवारी लातूरला ट्रस्टच्या लोकांना काम दाखवायचं होतं. "पडद्यावर 'माहीत नाही' असं आलं तर ते म्हणतील, मग तुम्ही केलं काय?" ते म्हणाले. "संपर्क झाला नाही तर शून्य दाखवा. दिसायला स्वच्छ दिसतं."

"साहेब, शून्य हा आकडा हाय," ताई म्हणाल्या. "आकडा सांगायचा तर तो मोजल्याला पाहिजे."

साहेबांनी विषय सोडून दिला. शुक्रवारी ताई पुतण्याच्या लग्नासाठी हदगावला गेल्या. त्याच दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं.

"तुला जमेल ना ते? तेवढं काढून टाक. नंतर घालू परत."

मला ते चुकीचं आहे हे कळत होतं. पण साहेबांनी मला एकटीला बोलावलं होतं, आणि ताईंशिवाय मलाही काम जमतं हे दाखवायची मला घाई झाली होती. मी ताईंचाच एडिटर उघडला, तिसऱ्या ओळीवर टिचकी मारली आणि ती काढून टाकली. क्षणभराचं काम. मग जिथं संपर्क तुटेल तिथं शून्य जाईल अशी सोय केली. सोमवारी लातूरला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई परत आल्या तेव्हा त्यांना दुसऱ्या दवाखान्याच्या कामावर बसवलं होतं. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. साहेबांचं 'नंतर' आलं नाही, आणि माझंही नाही.

दीडेक महिन्यानं, दुपारी तीनच्या सुमारास, लातूरच्या रक्तपेढीतून फोन आला. तिथले तंत्रज्ञ बालाजी. फोन ताईंनीच उचलला आणि त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"ताई, मुरुडकडची एक बाळंतीण हाय. रक्त थांबंना. बी निगेटिव्ह पाहिजे. लातुरात कुठंच न्हाई. तुमचं मशीन बारा वाजल्यापासून सांगतंय, नांदेडलाबी शून्य. नातेवाईक सोलापूरला गेलेत गाडी घेऊन. आन् आता माझा मेहुणा, नांदेडच्या रक्तपेढीत कामाला हाय, फोनवर म्हणतोय, त्यांच्या फ्रीजमधी दोन पिशव्या हायत. मी खरं कुनाचं धरू?"

"तुमच्या मेहुण्याचं," ताई म्हणाल्या. "मशीन खोटं हाय. मी पिशव्या काढते."

त्यांनी नांदेडच्या त्या रक्तपेढीला फोन लावला. त्यांची इंटरनेटची लाइन सकाळपासून बंद होती. दोन पिशव्या होत्या. पाऊण तासाच्या आत साहेबांच्याच गाडीतून, बर्फाच्या पेटीत, रक्तपेढीच्या एका माणसासोबत त्या निघाल्या. गाडी गेल्यावर त्यांनी एडिटर उघडला. चौकटीत दोनच ओळी होत्या. बदल कुणी आणि कधी केला ते तिथं दिसतं. तिथं माझं नाव होतं.

मी त्यांच्या मागंच उभी होते.

"मी साहेबांना सांगणार न्हाई," त्या न वळता म्हणाल्या. "मी सांगितलं तर ती तक्रार व्हईल. तू सांग."

"साहेबांनीच सांगितलं होतं, ताई."

"असंल. मग तेबी सांग."

पिशव्या संध्याकाळी पोचल्या. बाई वाचली. पण डॉक्टरांना तिचं गर्भाशय काढावं लागलं होतं. पहिलंच बाळंतपण, मुलगी झाली होती. रक्त तीन तास आधी मिळालं असतं तर ते टळलं असतं का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब म्हणाले, "तिनं माझ्या सांगण्यावरून केलं." एवढंच. त्या दिवशी त्यांनी ती सेवा बंद करायला लावली आणि तिसरा निरोप परत बसेपर्यंत चालू करू दिली नाही. मला वाटलं, प्रकरण मिटलं. ताईंना तसं वाटत नव्हतं.

चार दिवसांनी त्या मला बसनं लातूरला घेऊन गेल्या. आधी आम्ही बालाजींच्या शेजारी दिवसभर बसलो. पडद्यावर काय दिसलं की ते काय करतात, कुणाला फोन लावतात, हे ताईंनी वहीत उतरवून घेतलं. मग चार वाजता त्या म्हणाल्या, "आता दवाखान्यात जाऊ."

मी म्हटलं, "आपण कशाला, ताई? ते लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते ऐकायलाच जायचं."

वॉर्डात ती बाई भिंतीकडं तोंड करून झोपली होती. बाळ सासूच्या मांडीवर. सासूला वाटलं, आम्ही सरकारी योजनेच्या बायका आहोत. ती सरकून आम्हाला जागा करून देऊ लागली. ताई बसल्या नाहीत.

"आजी, आम्ही योजनेच्या न्हाई. रक्त कुठं हाय ते सांगणारं मशीन आम्ही केलं. त्या दिवशी नांदेडला रक्त होतं. आमच्या मशीननं न्हाई म्हणून सांगितलं."

"मशीनला काय कळतंय, बाई," म्हातारी म्हणाली.

"मशीनला कळत न्हाई. आम्हाला कळायला पाहिजे होतं."

वॉर्डात पंख्याचा आवाज येत होता. भिंतीकडं तोंड केलेली बाई जागी होती, हे मला तिच्या खांद्यावरून कळलं. ती वळली नाही. म्हातारीनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"आता नीट केलं का?" तिनं विचारलं.

"केलं."

"मग जावा."

आम्ही निघालो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बसमध्ये मी अहमदपूर येईपर्यंत रडत होते. ताईंनी मला थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही. फक्त लोह्याच्या स्टँडवर खाली उतरून पाण्याची बाटली आणली आणि माझ्या हातात दिली. "त्या पोरीचं नाव ठेवलं का न्हाई, इचारायचं राहिलं," एवढं एकच त्या नांदेड येईपर्यंत बोलल्या.

त्यानंतर आम्ही नऊ वर्षं शेजारी शेजारी काम केलं. मी त्यांच्या घरची झाले. ईदला त्या आमच्याकडं, पोळ्याला मी त्यांच्याकडं. ज्ञानेश मला मावशी म्हणायचा. तंत्रं बदलली, तो चित्रांचा एडिटर मागं पडला, नव्या मुलांनी तो बघितलाही नाही. ताई नवं शिकल्या, कुरकुर न करता. "कपडे बदलले निरोपानं," म्हणायच्या. "आत माणूस तोच हाय." साहेबांनी मला पुढं टीमची प्रमुख केलं. ताईंच्या वर. मी संकोचून त्यांना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. मला मीटिंगमधी झोप येती."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. मी भेटायला गेले तेव्हा ज्ञानेशनं मला वॉर्डाबाहेरच गाठलं. तो आता नोकरीला लागलेला, वडील गेल्यापासून घरातला कर्ता.

"मावशी, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. पसरलाय. डॉक्टर म्हणतात चार-सहा महिने. आईला आम्ही साधी गाठ आहे असं सांगितलंय. तुम्ही काही बोलू नका."

मी मान डोलावली. खरंच काही बोलायचं नाही असंच ठरवून आत गेले.

ताई निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी ऑफिसची, अब्बांच्या गुडघ्याची चौकशी केली.

"शबाना, सगळे मला चांगलं हाय, चांगलं हाय म्हणून राहिलेत. तुला काय म्हाईत हाय?"

मी खिडकीकडं बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, वाट बघत राहिल्या. दाराबाहेर ज्ञानेशच्या चपला दिसत होत्या.

"मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते, ताई," मी म्हटलं आणि सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. पसरल्याचं सांगितलं. डॉक्टर चार-सहा महिने म्हणतात, पण नक्की कुणालाच सांगता येत नाही, हेही सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं मी त्यांना मारूनच टाकलं. मग त्यांनी पाणी मागितलं. दोन घोट घेतले.

"भेव वाटतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग माझा हात धरून म्हणाल्या, "ज्ञानेशला सांग, मीच इचारलं म्हणून. आन् त्याला म्हणावं, मला इथं छताकडं बघत पडायचं न्हाई. हदगावला घेऊन चल."

मी बाहेर येऊन ज्ञानेशला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "तुम्हाला हा अधिकार कुणी दिला, मॅडम?"

हदगावात ताई पाच महिने राहिल्या. माहेरच्या शेतावरच्या घरात. बारा वर्षं ज्या बहिणीशी बोलणं नव्हतं तिला त्यांनी स्वतः फोन करून बोलावून घेतलं. कापूस वेचणीला आलेल्या बायका दुपारी त्यांच्याभोवती बसायच्या, कुणाचे अर्ज, कुणाच्या रिपोर्टांचे कागद घेऊन. ताई ते वाचून दाखवायच्या, कळलं नाही तर कळलं नाही म्हणायच्या. मी दोनदा गेले. दुखायचं त्यांना, खूप दुखायचं, ते त्या लपवायच्या नाहीत. दुसऱ्या वेळी आम्ही उन्हात बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या. त्यांनी चारच दाणे खाल्ले आणि बाकीच्या मला सोलून दिल्या. ज्ञानेश दोन्ही वेळा माझ्याशी कामापुरतं बोलला.

हिवाळा संपता संपता ताई गेल्या. सकाळी, बहीण केस विंचरत असताना.

तेराव्याला मी गेले. माणसं बरीच होती. बालाजी लातूरहून आले होते, साहेब आले होते. मी एका कडेला, गोठ्याजवळच्या खाटेवर बसले. पंगत सुरू झाली तरी मला उठवेना. ज्ञानेश आला आणि माझ्या शेजारी बसला. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळं एकदम लहान दिसत होता.

"मावशी," तो म्हणाला, "त्या दिवशी हैदराबादला आईनं काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं, ते मला सगळं सांगा. मी दाराबाहेर होतो, पण ऐकू येत नव्हतं."

मी सांगितलं. त्यांनी कसं विचारलं, मी खिडकीकडं किती वेळ बघितलं, कोणते शब्द वापरले, त्यांना भीती वाटली होती तेही. सांगून झाल्यावर तो उठला, आत गेला आणि माझं ताट वाढून घेऊन आला.